खंडाळ्याचं देवगांडूळ समुद्रापार कसं गेलं?

नेरुळ-ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो आले की मुलं विचारतात, हे आले कुठून? उत्तर सोपं आहे: पंख आहेत, उडत आले. पण ज्याला पंखही नाहीत आणि पायही नाहीत, त्याचं काय?

आपल्या जवळच्याच खंडाळ्याच्या ओल्या मातीत देवगांडूळ राहतं. दिसायला गांडूळ, पण नातं बेडकाशी. त्याला कणा आहे, दातही आहेत. तिथल्या एका जातीला १९६० मध्ये एडवर्ड टेलर यांनी 'इंडोटायफ्लस' हे नाव दिलं. तिचे जवळचे नातेवाईक मात्र सेशेल्स बेटांवर, ३ हजार किलोमीटरहून लांब! आणि या प्राण्याच्या ओल्या कातडीला खारं पाणी सोसत नाही.

मग हे घडलं कसं? यावर तीन मतं आहेत.

पहिलं, जमिनीचा पूल. १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर म्हणाले, हिंदी महासागरात 'लेमुरिया' नावाचा खंड होता, तो बुडाला. पण समुद्राचा तळ तपासल्यावर असा बुडालेला खंड काही सापडला नाही.

दुसरं, तरंगत प्रवास. १९९५ मध्ये वादळात उन्मळलेल्या झाडांवर बसून इग्वाना सरडे कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटावर पोहोचले. सरड्याची कातडी जाड, देवगांडुळाची नाजूक. तरी अशक्य म्हणता येत नाही. आफ्रिकेजवळचं साओ टोमे हे ज्वालामुखीतून बनलेलं बेट कधीच खंडाला जोडलेलं नव्हतं, पण देवगांडूळ तिथेही आहे.

तिसरं, जमीनच सरकली. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी हा विचार मांडला, तेव्हा अनेकांनी तो हसण्यावारी नेला. आज आपल्याला माहीत आहे की भारत आणि सेशेल्स एकत्र होते आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. पारसिकच्या डोंगराचा काळा दगड ज्या लाव्हाचा, तोही साधारण त्याच काळातला.

आमच्या मते इथे तिसरं उत्तर जास्त पटतं. कारण २००३ मध्ये जगासमोर आलेल्या केरळच्या जांभळ्या बेडकाचे नातेवाईकही सेशेल्सलाच निघाले. एखादा प्राणी योगायोगाने वाहत गेला असेल, पण दोघांचा पत्ता एकच कसा?

घरात मुलं असं काही विचारतात, कधी किश्ती-ए-नूहचा विषयही काढतात. तेव्हा त्यांना गप्प बसवू नका. जमिनीवर फिरून डोळे उघडे ठेवून पाहायला कुरआनच आपल्याला सांगतो. "माहीत नाही, चल शोधू" म्हणण्यात अम्मी-अब्बूंचा काही कमीपणा नाही.

आणि हो, पावसाळ्यात खंडाळ्याला गेलात आणि मातीत हे दिसलं, तर साप समजून मारू नका. ते विषारी साप नाही, पृथ्वीच्या जुन्या इतिहासाचा साक्षीदार आहे.