फुकटचे जीव

टीव्हीला जोडायचा गेम आठवतोय ना, मैत्रिणींनो? कॅसेट घातली की मारिओ, कॉन्ट्रा सुरू! कॉन्ट्रात जीव तीनच. पण सुरुवातीलाच वर-वर, खाली-खाली अशी ठरावीक बटणं दाबली की ३० मिळायचे.

परदेशात तर त्यासाठी खास यंत्रच निघालं, 'गेम जिनी'. कॅसेट आणि गेम यांच्यामध्ये ते बसवायचं, कोड टाकायचा. गेम कॅसेट वाचू लागला की हे मध्येच एखादा आकडा बदलून द्यायचं; कॅसेट मात्र जशीच्या तशी. निन्टेन्डो कंपनी त्याविरुद्ध कोर्टात लढली आणि १९९२ साली अपिलातही हरली.

त्या लबाडीत फार तर खेळातली गंमत जायची. आता देगलूरमध्येही लेकरांच्या हाती मोबाइल आहे. 'फुकट डायमंड' देणाऱ्या लिंकवर त्यांनी ओटीपी टाकला, तर आपल्या खात्यातले पैसे जातात. रागावलात तर पोर लपवतं. त्यापेक्षा शेजारी बसा, "दाखव बरं, कोड कुठून आणलास?" असं विचारा. बँकेला जोडलेला मोबाइल खेळायला देऊच नका. आणि पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.