तहकूब आणि बरखास्त

पेडण्याच्या मामलेदार कचेरीत मुंडकाराचा दावा तहकूब झाला म्हणजे तो निकालात निघाला, असे कोणताही पक्षकार मानीत नाही. परंतु हाच सुज्ञपणा संगणकाच्या शेलसमोर बसताच लोपतो, आणि थांबलेले काम संपलेच, अशी समजूत भल्याभल्यांची होते.

गैरसमज : कंट्रोल-झेड दाबले की काम संपते.
वस्तुस्थिती : ते केवळ तहकूब होते. २०१२ च्या सप्टेंबरात गोवा राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, तेव्हा डिचोलीतील खड्डे, यंत्रे आणि खनिजाचे ढीग जागच्या जागी राहिले. बरखास्तीचा हुकूम निराळा, तो २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून दिला. त्याचप्रमाणे थांबलेले काम प्रोसेसरचा वेळ घेत नसले, तरी स्मृतीतील जागा आणि उघडलेल्या फायली सोडीत नाही. सामान्यतः बरखास्तीसाठी कंट्रोल-सी आहे.

गैरसमज : तहकूब काम पडद्यामागे चालूच राहते.
वस्तुस्थिती : ‘बीजी’ हा हुकूम मिळेपर्यंत ते तसूभरही सरकत नाही, ‘एफजी’ने ते पुन्हा समोर येते, आणि ‘जॉब्स’ने त्या शेलपुरती यादी मिळते. पडद्यामागचे काम कळफलकावरून उत्तर मागू लागले, तर तेही आपोआप थांबते.

गैरसमज : आज्ञेअखेर अँपरसँड लावला की टर्मिनल खुशाल बंद करावे.
वस्तुस्थिती : टर्मिनल बंद होताच कामांना ‘हँगअप’ हा संकेत जातो, ज्याचे नाव दूरध्वनीची तार तुटण्याच्या काळापासून चालत आले आहे, आणि बहुतेक कामे त्यानेच संपतात, म्हणून दीर्घ काम आरंभीच ‘नोहप’ने सुरू करावे, अथवा मागाहून ‘डिसओन’ने शेलच्या यादीतून मुक्त करावे.

गैरसमज : ‘किल’ म्हणजे तत्काळ मृत्यू.
वस्तुस्थिती : नुसत्या ‘किल’ने १५ क्रमांकाचा संकेत जातो, आणि ती केवळ आवराआवर करून निघण्याची नोटीस असते, प्रक्रिया-क्रमांक देऊन ती तहकूब कामाला बजावली, तर काम पुन्हा चालू होईपर्यंत तिची अंमलबजावणी होत नाही. ९ क्रमांकाचा संकेत मात्र तहकुबी जुमानीत नाही, आणि आवराआवरीची सवडही देत नाही. म्हणून तो अखेरचा उपाय.

बॅश शेल सोडताना तहकूब कामे शिल्लक असली, तर बॅश तसे एकदाच बजावते. लगेच दुसऱ्यांदा ‘एक्झिट’ म्हटले, की हरकत न घेता दप्तर मिटते. ती पहिली सूचना वाचणाऱ्याला तहकूब आणि बरखास्त यांतील अंतर निराळे शिकवावे लागत नाही.