पावसात सांदण दरी काठावरूनच दाखवा

पाऊस सुरू झाला की भंडारदऱ्याला शहरातली पोरं एका दिवसासाठी येतात. १९२६ साली पूर्ण झालेले धरण, रंधा धबधबा पाहून साम्रदच्या सांदण दरीकडे वळतात. ही दरी म्हणजे कातळातली अरुंद भेग. वर सर कोसळली की पाणी तिच्यातूनच वाहते. बाजूला पळायला वाट नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पाहुण्याला ओढ्याचा स्वभाव ठाऊक नसतो, तुम्हाला असतो. तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, वाटाड्यांनी त्याला काठावरूनच माघारी फिरवावे. दरीत उतरायचे तर हिवाळ्यात या, म्हणावे. एका दिवसाची कमाई बुडेल, पण जीव वाचेल.