मोहोरबंद लखोटे
क्षयरोगी औषधाने बरा झाला की निसर्गक्रमानेच, याचा निर्वाळा केवळ वैद्याच्या अनुभवावर सोपविता येत नाही, हे ओळखून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची जी परीक्षा घेतली आणि १९४८ साली जिचा अहवाल प्रसिद्ध केला, ती संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेमुळे चिरस्मरणीय ठरली. कोणास औषध द्यावयाचे व कोणास नुसती शय्याविश्रांती, हे यादृच्छिक संख्यांवरून ठरवून मोहोरबंद लखोट्यांत ठेवलेले असे, आणि रोग्याची निवड पक्की झाल्यावाचून लखोटा फोडण्याची मुभा नव्हती. क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांनाही रोग्याच्या गटाचा पत्ता नसे. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ दगावले, विश्रांतीवरील ५२ पैकी १४. औषध त्या वेळी सर्वांना पुरण्याजोगे नव्हतेच. म्हणून काहींना ते न देणे, माझ्या मते, न्याय्य होते.