पिंगळे यांचा खटला : फाशी आहे, अपील नाही
आज यवतमाळच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, तरी नागपूर खंडपीठ साक्षी नव्याने तपासतं; त्याशिवाय ती अंमलात येत नाही. आपल्याला हे साधं वाटतं. तळेगाव ढमढेरेच्या विष्णू गणेश पिंगळे यांना ही सोय नव्हती.

गदर कटातले पिंगळे मार्च १९१५ मध्ये मेरठ छावणीत बॉम्बसह पकडले गेले. महायुद्ध चालू होतं. नव्या भारत संरक्षण कायद्याखाली लाहोरला तिघांचं न्यायमंडळ बसलं. ज्युरी नाही, अपीलही नाही. आरोप राजाविरुद्ध युद्धाचा. पिंगळे यांच्याजवळ निदान बॉम्ब सापडले होते. पण खटल्यात माफीचे साक्षीदारही होते, म्हणजे स्वतःची मान सोडवून बोलणारे! चोवीस जणांना फाशी झाली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सतरा जणांची रद्द केली. आम्ही याला अपील म्हणणार नाही. साक्षी वरच्या कोर्टापुढे गेल्याच नाहीत. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी उरलेल्या सात जणांत पिंगळे फासावर गेले.