गाडीची पाटी आणि शाळेची पाटी

श्रोतेहो, उमरखेडच्या रस्त्यावर गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमएच २९’ दिसते. ही आपल्या यवतमाळ जिल्ह्याची खूण. कुणाला आवडीचा नंबर हवा असेल, तर तो जादा पैसे भरतो आणि ते सरकारी तिजोरीत जातात. अमेरिकेतल्या फ्लॉरिडासारख्या राज्यांत मात्र एक खास पाटी मिळते. तिचे जादा पैसे स्वमग्न मुलांच्या कामी येतात. ७ डिसेंबरला सैनिकांसाठी आपण ध्वज विकत घेतो ना, तसेच हे.

आता स्वमग्न म्हणजे काय? अशा मुलाच्या मेंदूची जडणघडणच निराळी असते. ते हाकेला ओ देत नाही, नजर टाळते, एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. कुणी त्याला बहिरे म्हणतो, कुणी हट्टी, तर कुणी बाहेरची बाधा. श्रोतेहो, यात आईबापांचा दोष नाही, आणि मारून काही साधत नाही.

गुरुजी, असे मूल दिसले तर आधी त्याचे कान तपासून घ्यायला सांगा, मग डॉक्टरांकडे पाठवा. त्याला शाळेतून काढू मात्र नका. २०१६ च्या कायद्याने त्याचा शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगा. गाडीवरची ती पाटी आपल्याकडे नाही; पण शाळेतली पाटी आहे ना? तिच्यावर चित्र काढून दाखवा. पुष्कळदा शब्दांपेक्षा चित्र त्याला लवकर कळते.