फवारणीनंतर मागे उरणारे विष

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल औषधांचा धोका नेर तालुक्यात आता कोणास नव्याने सांगावयास नको. ही औषधे माणसास तत्काळ बाधतात. जमिनीत मात्र ती तुलनेने लवकर नाहीशी होतात. याउलट, ज्यांची बाधा फवारणाऱ्यास त्या दिवशी जाणवतही नाही, परंतु जी वर्षानुवर्षे शेतात टिकून राहतात, अशा औषधांचा विचार येथे करावयाचा आहे.

डी. डी. टी. व बी. एच. सी. ही या वर्गातील जुनी औषधे होत. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. जमिनीतील डी. डी. टी. निम्मे होण्यास २ ते १५ वर्षे लागू शकतात. गांडूळ ते मातीबरोबर गिळते. अशी अनेक गांडुळे साळुंकी खाते व साळुंकीस शिकारी पक्षी खातो. शरीराबाहेर न पडलेले विष चरबीत साठत जाते आणि पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढते.

अमेरिकेतील क्लिअर लेक या सरोवराचे उदाहरण याबाबतीत पाहण्यासारखे आहे. तेथे चिलटांच्या नाशासाठी १९४९, १९५४ व १९५७ साली डी. डी. टी.चेच भावंड असलेले डी. डी. डी. सोडण्यात आले. पाण्यातील प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग इतकेच होते. पण मासे खाणाऱ्या पाणबुड्या पक्ष्यांच्या चरबीत ते १,६०० भाग आढळले. त्या पक्ष्यांच्या सुमारे १,००० जोड्यांपैकी १९६० पर्यंत जेमतेम ३० उरल्या. चिलटे मात्र पुन्हा आली!

डी. डी. टी.पासून बनणाऱ्या डी. डी. ई.मुळे ससाणा, घुबड इत्यादी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते व उबवताना अंडी फुटतात. शेतातील उंदीर फस्त करणारे गव्हाणी घुबड हे आपले बिनपगारी राखणदार आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात शेतीसाठी डी. डी. टी.चा वापर १९८९ साली बंद झाला. बी. एच. सी.वर १९९७ साली बंदी आली, तर एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०११ मध्ये थांबले. म्हणून प्रश्न संपला असे नव्हे. सरकीला चोळून येणारे इमिडाक्लोप्रिड चरबीत साठत नाही. पण जमिनीत कित्येक महिने टिकते, पाण्याबरोबर वाहते आणि मधमाशीस अत्यंत घातक आहे. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्याचा वापर थांबविला. लागवडीनंतर उरलेली रंगीत सरकी धुऱ्यावर फेकण्याची आपल्याकडील सवय तितरांच्या जिवावर बेतू शकते. असे बी उघड्यावर टाकू नये. पेरलेले बीही मातीने नीट झाकावे.

मावा दिसताच पंप उचलण्यापूर्वी पऱ्हाटीवर ढालकिडे व त्यांच्या अळ्या किती आहेत, हे पाहावे. त्या पुरेशा असल्यास फवारणी लांबणीवर टाकता येते. फवारणी केलीच तर पंप नाल्यात वा विहिरीजवळ धुऊ नये. जुन्या घरांच्या माळ्यावर बी. एच. सी. भुकटीची पुडकी किंवा एंडोसल्फानचे डबे अद्याप असण्याचा संभव आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी त्यांची चौकशी करावी. ती जाळू, पुरू वा ओतून देऊ नयेत, तर बंद ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे.